हात दिसले पाहिजेत

मोनालीने टीव्हीच्या पडद्यावर तळहात आपटला, तसा पियूषने दचकून रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरचे देवराव वासनिक होते तिथेच थांबले.

काय सुरेख दिसत होते! चेहरा पडदाभर. मागचे मांडवाचे दिवे धूसर होऊन सोनेरी बुंदीसारखे विखुरलेले, डोळ्यांच्या कडांना पाणी, आणि सोबत पियूषने टाकलेली बासरीची धून. जिवंतपणी देवराव एवढे देखणे कधीच दिसले नव्हते. लेकीच्या साक्षगंधानंतर, म्हणजे साखरपुड्यानंतर, महिनाभरातच छातीत कळ येऊन ते गेले, त्यामुळे खोलीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेलेच होते. पियूषलाही भरून आलं होतं. खापरखेड्याच्या बाजारात त्याचा छोटा स्टुडिओ, आणि हे साक्षगंध म्हणजे त्याच्या नव्या महागड्या कॅमेऱ्याचं पहिलं मोठं काम.

मोनालीने पडद्याच्या खालच्या काठावर बोट ठेवलं. मग स्वतःचे दोन्ही हात उंच करून हलवले आणि भुवया उडवल्या.

मोनाली जन्मापासून बहिरी. ती हातांनी बोलते. इथून पुढे तिच्या बोलण्याचं मराठी करून सांगतो. मूळ बोलण्यात जी धार आहे ती त्यात पुरी उतरणार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

"बाबांचे हात कुठे आहेत?" ती विचारत होती.

"काय म्हनते ती?" पियूषने इंदूबाईंकडे पाहिलं.

"हात कुठी गेले म्हनते," तिची आई हळूच म्हणाली.

"हात? हात खाली असतीन ना काकू. मी फेस पकडला. काकांचं एक्स्प्रेशन पाहा ना एकडाव!"

इंदूबाईंनी पाहिलं. एक्स्प्रेशन होतं. हात नव्हते. आणि त्या दिवशी देवराव जे काही बोलले होते, ते सगळं हातांनीच बोलले होते.

देवरावांचं असं, की वीज केंद्रात फिटर म्हणून उभी हयात गेली, तरी लेकीशी बोलायला त्यांच्याजवळ एकच वाक्य होतं. उजव्या हाताच्या बोटांचा घास करून तोंडाकडे न्यायचा: जेवली का? मोनालीने मान हलवली की बापलेकीचा संवाद संपला. त्या उजव्या हातालाही तीनच बोटं. अनामिका आणि करंगळी लहानपणीच गावच्या कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. पण लेकीचं लग्न ठरलं आणि या माणसाला काय झालं कोण जाणे, रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात इंदूबाईंसमोर पाटावर बसून ते हातांनी बोलायला शिकू लागले. तीन बोटांमुळे त्यांचं बोलणं बोबडं यायचं. साक्षगंधाच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर ते उभे राहिले आणि लेकीकडे तोंड करून हात उचलले. आयुष्यातलं पहिलं भाषण.

आणि नेमकं त्याच वेळी नवऱ्याकडच्या बायका मोनालीची मान खाली धरून तिच्या वेणीत गजरा माळत होत्या. मान खाली म्हणजे मोनालीचे कान बंद. तिला बापाचे वर गेलेले हात तेवढे ओझरते दिसले. मान मोकळी झाली तोवर देवराव लाजून खाली बसले होते. नंतर तिने त्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा म्हणाले, "लग्नात सांगतो पुन्हा." लग्नाआधीच ते गेले. मग मोनाली या व्हिडिओची वाट पाहत बसली.

"सांगितलं ना मी तुला," इंदूबाई आता हातांनी तिला म्हणाल्या. "हे घर तुझंच आहे, केव्हाही ये, असं म्हणाले."

"ते तू सांगितलंस," मोनाली म्हणाली. "मला बाबांचं पाहायचं होतं."

तुम्हा-आम्हाला गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो, नुसता निरोप नको असतो. इंदूबाईंना ते कळलं. पियूषने घरी जाऊन कॅमेऱ्यातलं सगळं मूळ शूटिंग पुन्हा चाळलं. एका ठिकाणी कोपऱ्यात अंगठा सापडला. बाकी सगळा चेहरा.

दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून सांगायला आला, तेव्हा इंदूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पियूष, लग्नाचं शूटिंग मी करीन."

"कायनं काकू?"

"माह्या मोबाइलनं."

पियूषला हसू आलं होतं, पण त्याने ते गिळलं. तेवढा तो चांगला मुलगा.

आता हे सांगायला पाहिजे, की इंदूबाई म्हणजे काही अगदीच कोरी पाटी नव्हती. नागपूरला धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात त्या आया. मोनाली अठराव्या वर्षी पुण्याला शिकायला गेली, पुढे तिथेच नोकरीला लागली, आणि तेव्हापासून माय-लेकींचं सगळं बोलणं मोबाइलच्या पडद्यावर झालं. बोलणाऱ्याला काय, अंधारात बसूनही हॅलो म्हणता येतं. इंदूबाईंचा पहिला व्हिडिओ कॉल मात्र मोनालीने पाहिला आणि उत्तर दिलं, "भूत दिसतेस. एक शब्द कळला नाही." इंदूबाई खिडकीला पाठ करून उभ्या होत्या. मग त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. पुढे कळलं, की मागे फुलाफुलांचा पडदा असला की बोटं त्यात हरवतात, म्हणून दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावरची एक कोरी भिंत त्यांनी आपली करून ठेवली. मोबाइल हातात धरला की बोलायला एकच हात उरतो, म्हणून त्या तो सलाइनच्या मोडक्या स्टँडला बँडेजने बांधू लागल्या. त्याला चाकं होती. उजेड सरकला की स्टँड सरकवायचा. खापरखेड्याला घरी असल्या तर बोलण्याआधी काचेवरची धूळ आणि वीज केंद्राची राख पदराने पुसायची. मोनाली नागपूरला परतून मिहानमधल्या एका कंपनीत लागली तोवर इंदूबाईंचा हात असा बसला होता, की बाहेरच्या कुणी तो मोबाइलचा पडदा पाहिला असता तर हे कुठल्या स्टुडिओत काढलंय, असं विचारलं असतं. इंदूबाईंच्या लेखी ते शूटिंग नव्हतंच, लेकीशी बोलणं होतं.

लग्न म्हणजे मात्र वेगळं. ते एकदाच होतं. यात हात सुटले, तर मोनालीजवळ बापाचेही शब्द नसणार आणि स्वतःच्या लग्नाचेही नसणार. या विचाराने इंदूबाईंची झोप उडाली, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

सगळ्यात जास्त नाराज झाले ते मोठेबाबा. मोनालीचे मोठेबाबा म्हणजे देवरावांचे थोरले भाऊ. भाऊ गेल्यावर लग्नाची जबाबदारी त्यांनी छातीवर घेतली होती.

"इंदू, लोकं हासतीन वं आपल्याले," ते म्हणाले. "नवरीची माय मोबाइल घेऊन उभी? लग्नात माय कशी पायजे, शालू नेसून, पाहुण्यायचं पाहून रायली पायजे."

"पाहुण्यायचं तुम्ही पाहा ना दादा. मी लेकीचं पाहातो."

"आनि थो सलाइनचा डंडा? लग्नात?"

"थो बी येईन."

मोठेबाबांनी कपाळावर हात मारला. पण देवराव गेल्यापासून ते इंदूबाईंशी फार वाद घालत नसत.

पियूष मात्र रोज संध्याकाळी येऊ लागला. का, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. त्या अंगठ्याने त्याला छळलं होतं एवढं खरं. एकदा तो आपला मोठा कॅमेराच घेऊन आला. "काकू, हा घ्या. यानं काढा. मले नको काही."

इंदूबाईंनी त्यातून मोनालीकडे पाहिलं. डोळे लख्ख, आणि चेहऱ्यापुढे आलेला हात धुक्यात. "याच्यात एक दिसते तं दुसरं जाते. मले तोंडही पायजे, हातही पायजे. आपला मोबाइल बरा. त्याले एवढं लाडानं पाहता येत नाई, तं सगळंच सारखं पाहाते."

पियूष हसला आणि कॅमेरा पिशवीत टाकला.

उजेडासाठी इंदूबाईंनी एक भलतीच वस्तू आणली. दवाखान्यात एक्स-रे आता संगणकावर दिसतात. पूर्वी ज्या पांढऱ्या काचेच्या पेटीवर ते लावून बघत, त्या पेट्या अडगळीत पडल्या होत्या. त्यांतल्या दोन त्या मागून घेऊन आल्या. आतली नळी पेटली की काचेतून असा मऊ, पसरट उजेड पडायचा की चेहऱ्यावर कुठे डाग नाही की सावली नाही. पहिल्या दिवशी मोबाइलमध्ये त्या उजेडाच्या काळ्या पट्ट्या पळू लागल्या, तेव्हा इंदूबाई घाबरल्या. पियूषने मोबाइलमध्ये कुठेतरी शिरून एक आकडा बदलला आणि पट्ट्या गायब झाल्या. "हे मले नसतं जमलं गा," इंदूबाई म्हणाल्या. त्या दिवशी पियूष चहाला थांबला आणि दोन पोळ्याही खाऊन गेला.

खरी अडचण लग्नाच्या चार दिवस आधी निघाली. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत. इंदूबाईंना ते बरंच वाटत होतं. पांढऱ्यावर सावळे हात कसे ठसठशीत दिसतील! मोनालीला साडी नेसवून त्यांनी तिला खिडकीसमोर उभं केलं, मोबाइल लावला, आणि पडद्यावर पाहतात तो साडी छान राखाडी आणि हात कोळशासारखे काळे. बोटंच दिसेनात. एवढं पांढरं पाहून मोबाइल बिचकत होता आणि सगळंच अंधारं करून टाकत होता.

इंदूबाई मोनालीकडे वळल्या. "पांढरी नको नेसवू का?"

मोनालीने ओठांवरून कळलेल्या शब्दांवर डोळे मोठे केले. "मी पांढरीच नेसणार."

इंदूबाईंनी पडद्यावर मोनालीच्या हातावर बोट टेकवलं. हात उजळले! पण मागून मोनालीची पांढऱ्या दुपट्ट्यातली मैत्रीण अपेक्षा गेली आणि हात पुन्हा काळे. पुन्हा बोट, पुन्हा उजेड, पुन्हा कोणी गेलं की अंधार. लग्नात तर अर्धा हॉल पांढऱ्या कपड्यांत असणार.

"काकू, बोट लवकर उचलू नका," पियूष म्हणाला. "दाबून धरा. धरा... आता पाहा. कुलूप लागलं. आता कोनीही येऊ द्या."

अपेक्षाला त्यांनी समोरून तीनदा पळवलं. हात उजळ ते उजळच राहिले. इंदूबाईंनी पियूषच्या पाठीत एक आनंदाची थाप मारली, ती बेताची नव्हती.

"बरं, अँगल किती घ्याचे?" पाठ चोळत पियूषने विचारलं.

"एकच. कमरेपासून तं डोक्याच्या वर एक वीत. दोघंही त्याच्यात. शेवटलोक."

"एकच? लोकं बोर होतीन काकू. मधामधात दागिने, फुलं, लहान पोरं असं टाकावं लागते."

"तू बोलून रायला आनि मी मधातच तुह्या तोंडावर हात ठेवला तं?"

पियूषने पाठ चोळणं थांबवलं. घरी जाताना वाटेत तो स्वतःशीच बोलत असावा, कारण बाजारातल्या चहावाल्याने त्याला विचारलं, काय झालं गा तुले?

लग्नाचा हॉल नागपुरात कामठी रोडवर. सकाळी अकराची वेळ. इंदूबाई शालू नेसून, सलाइनचा स्टँड ढकलत दारातून आल्या, आणि स्टेजकडे पाहून जागीच थांबल्या. मोठेबाबांनी सगळ्यांना चकित करायला एक गोष्ट गुपचूप ठरवून ठेवली होती. स्टेजच्या मागे अख्खी दिव्यांची भिंत! निळी, मग जांभळी, मग लाल, आणि मधूनच त्यावर मोर पिसारा फुलवून जायचा.

"कशी आहे?" मोठेबाबांचा चेहरा खुलला होता. "देवरावच्या पोरीचं लग्न आहे म्हटलं, काही कमी नाई पडलं पायजे."

इंदूबाईंनी मोबाइल लावून पाहिला. भिंतीपुढे उभे असलेले बौद्धाचार्य नुसती काळी सावली. त्या उजेडापुढे एक्स-रेच्या पेट्या म्हणजे दिवसा लावलेल्या पणत्या.

"दादा, भिंत बंद करा."

"काहून वं? एवढ्या हौसेनं लावली."

"मानसं दिसत नाई तिच्यासमोर. हात दिसत नाई."

डेकोरेशनवाल्याला बोलावलं. त्याने मान हलवली. "भिंत बंद केली तं स्टेजचे पूरे लाइट जाते काकू. एकच लाइन आहे. आता दुसरी टाकाले दोन घंटे लागते."

वऱ्हाड दारात येऊन उभं होतं. मोठेबाबांच्या कपाळावर घाम. "इंदू, जसं येते तसं येऊ दे आता. झालं ते झालं."

साक्षगंधाच्या वेळी सुद्धा कुणीतरी असंच म्हणालं होतं: राहू दे, नंतर सांगतीन. इंदूबाईंना ते आठवलं, आणि इतक्या दिवसांत न आलेला राग त्यांना आला. देवरावांवर आला, गजरा माळणाऱ्या बायकांवर आला, सगळ्यांत जास्त स्वतःवर आला, की तेव्हा आपण उठून त्या बायकांचे हात धरले का नाहीत. त्या तरातरा हॉलच्या लांबच्या बाजूला गेल्या. तिथे भिंतभर जाड लाल पडदे होते. एक पडदा ओढला. मागे ओळीने खिडक्या, आणि खिडक्यांतून अकराचा पांढरा, थंड, उन्हाचा एक कवडसा नसलेला उजेड. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीसारखाच.

"दादा, लग्न इकडे घ्या."

"इकडे म्हंजे?"

"खिडकीसमोर. खुर्च्या फिरवा सगळ्या. लोकायची पाठ खिडकीकडे, नवरा-नवरी त्या भिंतीशी."

"अवं पन स्टेज तिकडे आहे! हार-फुलं तिकडे आहे!"

"स्टेजचं लग्न नाई, पोरीचं आहे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवरा मुलगा सौरव, तोही बहिराच, नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांत दोन खुर्च्या उचलून निघाला होता. त्याचे आणि मोनालीचे बहिरे मित्रमैत्रिणी त्याच्यामागे. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. खिडकी उघडलेली पाहिली आणि ते उठले. बोलायला जमलेल्या माणसांना अंधारात बसवलं तर ती उजेडाकडे जाणारच. मग पियूषने पडदे ओढायला घेतले. मग पोरं, मग बाप्ये. बौद्धाचार्यांनी बुद्धाची मूर्ती स्वतः दोन्ही हातांनी उचलली, बाबासाहेबांची तसबीर घ्यायला मोठेबाबांना खूण केली आणि म्हणाले, "चला. उजेडातच बरं."

मोठेबाबांनी तसबीर छातीशी धरली. अख्खा हॉल आपापली खुर्ची हातात घेऊन फिरला. मागे रिकाम्या स्टेजवर मोर एकटाच पिसारा फुलवत राहिला.

इंदूबाईंनी खिडक्यांकडे पाठ करून स्टँड उभा केला, चाकांखाली सतरंजी घातली. पियूषने दोन्ही पेट्या बाजूंना लावल्या, कुणाचा फोन मध्येच येऊ नये म्हणून मोबाइलची सेवा बंद केली, आणि चार्जरची वायर चिकटपट्टीने जमिनीला बसवली. पदराने काच पुसून इंदूबाईंनी पडद्यावर पाहिलं. पांढरी साडी, पांढरा कुर्ता, चार सावळे हात. त्यांनी मोनालीच्या हातावर बोट दाबून धरलं. कुलूप लागलं.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. बौद्धाचार्य बोलायचे, मोबाइलच्या शेजारी उभी अपेक्षा, जिला ऐकूही येतं आणि हातांनीही बोलता येतं, ते हातांनी सांगायची. तेवढ्यात मागून कोणीतरी आत्या म्हणाली, "पोरी, मान खाली घाल वं, नवरी आहे तू."

"मान वर!" इंदूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बौद्धाचार्यही दचकले. मोनालीला ऐकू आलं नाही, पण मान तिची वरच होती.

प्रतिज्ञांची वेळ आली. हॉलमध्ये एवढी शांतता झाली, की लोकांनी आपोआप खोकलेही दाबले. मोनालीने तिच्या प्रतिज्ञा सांगितल्या, सावकाश, एकेक बोट सुटं. सौरवनेही सांगितल्या. मग ठरल्यापेक्षा त्याने एक जास्त सांगितली, आणि बहिऱ्यांची सगळी रांग खदखदून हसली. ऐकणाऱ्यांचा हॉल एकमेकांची तोंडं बघत राहिला. इंदूबाईंना कळलं होतं आणि त्यांना हसू आवरत नव्हतं, पण स्टँडला हात लागू द्यायचा नाही म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

पुढच्या रविवारी दुपारी खापरखेड्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पियूषने तुकडे फक्त जोडले होते. त्याने फोन करून विचारलं होतं, "काकू, म्युझिक टाकू का?" इंदूबाई म्हणाल्या होत्या, "कोनासाठी?"

टीव्ही लागला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अरे!" निघालं. महागाचं काही त्यात नव्हतं, तरी डोळा हलत नव्हता. कपाळावरच्या टिकलीपासून बांगड्यांच्या नक्षीपर्यंत सगळं स्वच्छ, आणि मधोमध ते हात, जणू टीव्हीतून बाहेर येऊन खोलीत बोलत होते. एका ठिकाणी कोणाचं तरी डोकं आडवं आलं होतं. एकदा स्टँड हलला होता. ते कोणी पाहिलंच नाही. पियूष भिंतीला टेकून पाहत होता. "काकू," तो हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्यात अपेक्षाच्या भावाचं शूटिंग आहे माह्याकडे. तुम्ही येसान का? त्याच्याकडेही बहिरे पाहुने येनार आहे."

"स्टँड आनीन," इंदूबाई म्हणाल्या.

सौरवची ती जास्तीची प्रतिज्ञा आली. बहिरी पोरं पुन्हा हसली.

"काय म्हनते तो?" मोठेबाबांनी विचारलं. "कोनीतरी सांगा ना आमालेही!"

इंदूबाई म्हणाल्या, "तो म्हनते, भांडन झालं तं मधातच लाइट बंद करनार नाई. तिचं बोलनं पूरं होऊ देईन."

आता ऐकणाऱ्यांची सगळी खोली हसून फुटली. मोठेबाबांना तर ठसका लागला. शेवटी बहिऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे दोन्ही हात उंच करून नुसते हलवले. मोठेबाबांनी आजूबाजूला पाहिलं, आणि आपलेही जाडजूड हात वर करून हलवू लागले. सगळ्यांचे थांबले तरी ते हलवतच होते. डोळे ओले झाले होते त्यांचे, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

पाहुणे गेले. जेवणाची भांडी मोरीत पडली होती. इंदूबाई पदर खोचून उठल्या, तर मोनालीने त्यांचा दंड धरला आणि खिडकीपाशी नेऊन कोऱ्या भिंतीसमोर उभं केलं. सलाइनचा स्टँड ओढून आणला. स्वतःच्या ओढणीने मोबाइलची काच पुसली.

"काय करतेस?" इंदूबाईंनी विचारलं.

"तू एवढं सगळं काढलंस, त्यात तू कुठेच नाहीस," मोनाली म्हणाली. "आता तू बोल. बाबा काय म्हणाले ते."

इंदूबाई सांगायला लागणार होत्या, पूर्वी सांगितलं तसंच. हात उचलले, आणि मध्येच थांबल्या. पाटावर बसलेले देवराव त्यांना दिसले. कितीतरी संध्याकाळी ते समोर बसून तेच तेच करत होते. त्यांचा प्रत्येक अडखळ इंदूबाईंना पाठ होता, कारण तो दुरुस्त करायला त्याच तर बसल्या होत्या. निरोप द्यायचा राहिला नव्हता. राहिला होता तो त्यांचा हात.

त्यांनी उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका मुडपून तळव्याशी घट्ट दाबली. मग दोन्ही पंजे तिरपे करून बोटांची टोकं टेकवली: घर. त्या घराचं छप्पर एका बाजूने तोकडं होतं. मोबाइलमागे मोनालीने स्टँड घट्ट धरला.

घर, तुझं. इंदूबाई सावकाश करत गेल्या, देवराव अडत तिथे अडत, ते घाईने उरकत तिथे उरकत. केव्हाही ये. सांगून येऊ नको. आणि शेवटी तीन बोटांचा घास करून तोंडाकडे नेला.

जेवली का?

मोनालीने डोळे पुसले नाहीत, जागाही सोडली नाही. एक हात स्टँडवर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिने उत्तर दिलं, जेवली. मग वाकून पडदा तपासला. चेहरा होता, खिडकीचा उजेड होता, मुडपलेल्या दोन बोटांसकट दोन्ही हात पूर्ण दिसत होते.